शेवटचा बाण डबलमध्येच : जागतिक डार्ट्स स्पर्धेबद्दल वाचकांचे प्रश्न

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये ३ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या व्यावसायिक डार्ट्सच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या ल्यूक लिटलरने नेदरलँड्सच्या जियान व्हॅन वीनला ७-१ असे हरवले आणि वयाच्या अठराव्या वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा विजेतेपद मिळवले. त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांचा सूर साधारण एकच आहे : सामना पाहायला बसले की उठवत नाही, पण पडद्यावर नेमके काय चालले आहे ते कळत नाही. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी पाहिलेल्या एका सामन्यात हरलेल्या खेळाडूने १८० गुणांची फेक प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त वेळा केली होती आणि त्याची सरासरीही जास्त होती. जास्त गुण मिळवणारा हरतो, हा काय प्रकार आहे? — एक वाचक, सातारा

उत्तर : डार्ट्समध्ये गुण जमवायचे नसतात, संपवायचे असतात, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की आपल्या शंकेचा निम्मा भाग आपोआप सुटेल. प्रत्येक डावाच्या, म्हणजे लेगच्या, सुरुवातीला दोन्ही खेळाडूंच्या नावावर ५०१ गुण असतात. आळीपाळीने तीन-तीन बाण टाकून ते शून्यावर आणायचे असतात आणि शून्यावर आणणारा शेवटचा बाण डबलमध्ये, म्हणजे आकड्याचे गुण दुप्पट करणाऱ्या फळ्याच्या कडेच्या अरुंद पट्ट्यात, किंवा मधल्या, पन्नास गुणांच्या लाल बुलमध्येच बसावा लागतो. बाकी राहिलेल्या गुणांपेक्षा जास्त गुण लागले किंवा एकच गुण उरला, तर ती संपूर्ण फेक रद्द होते आणि आकडा फेकीपूर्वी जिथे होता तिथे परत येतो. साठ-साठच्या तीन ट्रेबलनी, म्हणजे गुण तिप्पट करणाऱ्या आतल्या पट्ट्यात बसलेल्या बाणांनी, टाळ्या मिळतात, पण लेग मिळतो तो डबल लागला तरच.

सरासरीचे कोडे सेटच्या पद्धतीत आहे. तीन लेग प्रथम जिंकणाऱ्याला एक सेट मिळतो आणि सामन्याचा निकाल सेटवर लागतो. पाच सेटांच्या सामन्यात एखाद्याने तीन सेट ३-२ असे ओढून नेले आणि उरलेले दोन ०-३ असे गमावले, तर त्याने नऊ लेग जिंकलेले असतात आणि बारा गमावलेले असतात, तरीही विजयी तोच ठरतो. अंतिम सामना तेरा सेटांचा असल्यामुळे सात सेट मिळवावे लागतात, आणि एवढ्या लांबीत असे उफराटे निकाल कमी होतात, पण अशक्य होत नाहीत. ज्याला योग्य लेग योग्य वेळी जिंकता येतो, त्याच्यासाठी ही पद्धत आहे आणि माझ्या मते स्पर्धेची खुमारी तिच्यामुळेच टिकली आहे.

आता एक बारकावा सांगतो, तो लक्षात ठेवून पुढचा सामना पाहावा. तीन बाणांत संपवता येईल असा सर्वांत मोठा आकडा १७० आहे : दोन वेळा ट्रेबल वीस आणि मग बुल. मात्र १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ हे आकडे तीन बाणांत कोणालाही संपवता येत नाहीत, म्हणून चांगला खेळाडू त्यांच्यावर अडकून पडू नये याची तजवीज आधीच्या फेकीत करून ठेवतो. शेवटी बहुतेकांना ३२ उरलेले आवडतात, कारण तेव्हा डबल सोळाचा नेम धरायचा असतो. बाण थोडा आत पडून साधा सोळा लागला तर सोळा उरतात आणि डबल आठ समोर येतो. तोही आत पडला तर डबल चार, मग डबल दोन, मग डबल एक. म्हणजे मधे एकही बाण विषम आकडा दुरुस्त करण्यात वाया न घालवता खेळाडूला पुन्हा पुन्हा डबलवर नेम धरता येतो. चाळीस उरले असतील तर डबल वीस, मग दहा, मग पाच असे उतरता येते, पण डबल पाचऐवजी साधा पाच लागला की पाच उरतात आणि सम आकड्यावर येण्यासाठी एक बाण खर्ची पडतो. हे हिशेब मंचावरची मंडळी दोन फेकींच्या मधल्या काही सेकंदांत, कागदाशिवाय करत असतात.

डबल किती निर्दय असतो याचा दाखला २०२३ च्या अंतिम सामन्यात मिळाला. नऊ बाणांत लेग संपवणे ही या खेळातली परमावधी समजली जाते. दुसऱ्या सेटमध्ये मायकेल व्हॅन गर्वेनने आठ बाण अगदी हवे तिथे टाकले आणि नववा बाण डबल बाराच्या तारेबाहेर गेला. त्याच लेगमध्ये मायकेल स्मिथने आपले नऊच्या नऊ बाण अचूक टाकून, डबल बारावरच, लेग खिशात घातला आणि पुढे सामनाही ७-४ असा जिंकला.

प्रश्न : फळ्यावरचे आकडे क्रमाने का नाहीत? वीसच्या शेजारी एक आणि पाच कशासाठी? — एक शिक्षिका, लातूर

उत्तर : मोठ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना लहान आकडे ठेवून चुकीची शिक्षा वाढवणे, हा या मांडणीचा परिणाम आहे. ती नेमकी कोणी बसवली याबद्दल इंग्लंडमध्ये अनेक कथा आहेत; बहुतेकदा १८९६ चे साल आणि बरी गावच्या एका सुताराचे नाव पुढे केले जाते, पण त्याला ठोस पुरावा नाही, त्यामुळे त्या कथेवर फार विसंबू नये. मांडणी मात्र अभ्यासण्याजोगी आहे. ट्रेबलचा पट्टा अवघा आठ मिलिमीटर रुंद असतो, तितकाच डबलचाही. वीसच्या ट्रेबलवर धरलेला नेम बाजूला सरकला की साठाऐवजी एक किंवा पाच पदरात पडतात.

यातून एक गंमत निघते. ज्याचा हात बऱ्यापैकी स्थिर आहे त्याने वीसवर नेम धरावा हे ठीक, पण आपल्यासारख्या नवख्यांसाठी ते नुकसानीचे असते. फळ्याची डावी आणि खालची डावी बाजू पाहावी : तेथे नऊ, चौदा, अकरा, आठ, सोळा, सात, एकोणीस असे आकडे शेजारी शेजारी आहेत आणि चुकलेला बाणही सहसा एक-दोनवर जात नाही. संख्याशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा रीतसर अभ्यास केला आहे आणि त्यांचेही म्हणणे असे की, नेम जसजसा कच्चा तसतसा उत्तम लक्ष्यबिंदू वीसकडून निघून डावीकडे खाली आणि अखेरीस जवळपास मध्याकडे सरकतो. सामन्यात काही खेळाडू मधेच वीस सोडून एकोणीसकडे वळतात त्याचे कारण मात्र निराळे असते. पहिल्या दोन बाणांनी ट्रेबल वीस झाकला गेला की तिसऱ्याला जागा उरत नाही.

फळा लाकडाचा असतो असा समज आपल्या पत्रात दिसतो. पूर्वी तो एल्म वृक्षाच्या लाकडाचा असे आणि बाणांनी झिजू नये, चिरू नये म्हणून भिजवून ठेवावा लागे. १९३० च्या दशकापासून घायपाताच्या तंतूंचे फळे आले. आपल्याकडे शेताच्या बांधावर लावतात आणि ज्याच्या वाखाचे दोर वळतात तीच ही वनस्पती. तंतूंच्या जुड्या उभ्या दाबून बसवलेल्या असल्यामुळे बाण त्यांना छेदत नाही, त्यांच्यामधून शिरतो, आणि बाण काढला की भोक मिटते. स्पर्धेत एकाच ट्रेबलवर शेकडो बाण बसूनही फळा टिकतो तो यामुळे.

प्रश्न : दारूच्या गुत्त्यातला हा खेळ. त्याला जागतिक अजिंक्यपद वगैरे म्हणणे अतिशयोक्ती नाही का? — एक सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर

उत्तर : आपला आक्षेप जुना आहे आणि एके काळी तो बिनबुडाचाही नव्हता. पहिली जागतिक स्पर्धा १९७८ मध्ये नॉटिंगहॅमच्या एका नाइटक्लबात झाली आणि वेल्सच्या लेटन रीसने ती जिंकली. त्या काळात खेळाडूच्या एका हातात बाण आणि दुसऱ्या हाताशी बिअरचा पेला व सिगारेट हे दृश्य दूरचित्रवाणीवर सर्रास दिसे. विडंबनकारांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, प्रायोजक बिचकू लागले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या व्यापारी वाहिनीने डार्ट्सकडे पाठ फिरवली. मंचावर दारू आणि धूम्रपान यांना मनाई झाली ती याच सुमारास.

पण खरी उलथापालथ पुढे झाली. वर्षातून एकच मोठी स्पर्धा पडद्यावर दिसत असेल तर पोट कसे भरायचे, हा प्रश्न आघाडीच्या खेळाडूंना पडला होता. १९९३ च्या स्पर्धेनंतर त्यांपैकी सोळा जण ब्रिटिश डार्ट्स संघटनेपासून फुटले आणि त्यांनी १९९४ पासून एसेक्समधील पर्फ्लीट येथील सर्कस टॅव्हर्नमध्ये आपली वेगळी जागतिक स्पर्धा भरवली. पहिले विजेतेपद डेनिस प्रीस्टलीला मिळाले. जुन्या संघटनेने त्यांच्यावर बंदी घातली, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये तडजोड होऊन दोन्ही स्पर्धा चालू राहिल्या. फुटीर मंडळींच्या संघटनेचे नाव पुढे प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन, म्हणजेच पीडीसी, झाले. स्काय वाहिनीचे प्रक्षेपण आणि २००१ पासून बॅरी हर्न यांचे व्यापारी डोके यांच्या बळावर तिने २००८ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेस गाठले, तर जुनी संघटना २०२० मध्ये कोलमडली.

या सगळ्या काळावर एका माणसाची छाप आहे. स्टोक परिसरात चिनी मातीचे सामान बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या फिल टेलरला एरिक ब्रिस्टोने, पाच वेळच्या जगज्जेत्याने, सरावासाठी पैसे उसने दिले आणि १९९० च्या अंतिम सामन्यात टेलरने याच ब्रिस्टोला ६-१ असे हरवले. टेलरची एकूण सोळा जागतिक विजेतेपदे आहेत, त्यांपैकी आठ १९९५ ते २००२ अशी सलग. त्याच १९९० च्या स्पर्धेत आणखी एक मासलेवाईक गोष्ट घडली : पॉल लिमने जागतिक स्पर्धेतील पहिला नऊ बाणांचा लेग साधला आणि त्याबद्दल त्याला ५२,००० पौंडांचे बक्षीस मिळाले, तर स्पर्धा जिंकणाऱ्या टेलरला मिळाले २४,००० पौंड.

खेळ म्हणून मान्यतेचे म्हणाल तर ब्रिटनच्या क्रीडा परिषदांनी ती २००५ मध्ये दिली. शिवाय उत्तेजकविरोधी जागतिक यादीत बीटा ब्लॉकर या औषधांवर स्पर्धेदरम्यान बंदी असलेल्या मोजक्या खेळांत तिरंदाजी आणि नेमबाजीच्या जोडीला डार्ट्सही आहे, कारण ही औषधे हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताची थरथर कमी करतात. घाम गाळण्यावरच खेळ ठरवायचा असेल तर आपला आक्षेप कायम राहील. पण मग नेमबाजीतली पदकेही परत करावी लागतील.

प्रश्न : नेमबाजीत टाचणी पडली तरी ऐकू येते. इथे मात्र हजारो माणसे गात असतात. खेळाडूंचे चित्त विचलित होत नाही का? — एक वाचक, पणजी

उत्तर : होते, आणि ते सहन करणे हा कसोटीचाच भाग मानला जातो. ही स्पर्धा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे ऐन नाताळात चालते. लोक चित्रविचित्र वेष करून, कार्यालयातल्या मित्रांसह लांब टेबलांवर बसून खातपीत सामना पाहतात आणि त्यांतल्या पुष्कळांची पाठ बराच वेळ मंचाकडेच असते. सततचा गोंगाट खेळाडूंना फारसा बाधत नाही. डबलवर नेम धरल्यावर नेमकी त्या क्षणी घातलेली शीळ बाधते, आणि तसे करणाऱ्यांना बाहेर काढले जाते. अलेक्झांड्रा पॅलेसची इमारत १८७३ मध्ये उघडली, सोळा दिवसांत जळाली, १८७५ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि १९३६ मध्ये बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा तेथून सुरू झाली, असा तिचा वारसा मोठा आहे. पण डार्ट्सच्या खेळाडूंना तिथली आठवण विचाराल तर अनेक जण गांधीलमाशीची सांगतील. मंचावरच्या प्रखर दिव्यांकडे ती दर हिवाळ्यात येते आणि खेळाडूच्या मानेभोवती घिरट्या घालते. नियमांत तिच्याबद्दल काही तरतूद माझ्या तरी पाहण्यात नाही.

प्रश्न : बाण हातातून सुटतच नाही असा काही आजार या खेळाडूंना होतो म्हणे. खरे आहे का? — एक वाचक, अमरावती

उत्तर : खरे आहे. इंग्रजीत त्याला डार्टायटिस म्हणतात. खेळाडू हात मागे घेतो, पुढे आणतो, आणि सोडायच्या क्षणी बोटे उघडत नाहीत; हात अर्ध्यावर अडखळतो, कधी बाण भलत्याच वेळी सुटून खाली पडतो. स्नायूंत काही बिघाड दिसत नाही, एरवी सगळी कामे त्याच हाताने होतात. हजारो वेळा नकळत केलेली हालचाल एकदा जाणीवपूर्वक करू पाहिली की ती विस्कटते, असे ढोबळमानाने म्हणता येईल. गोल्फमध्येही चेंडू भोकात ढकलण्याच्या वेळी असाच प्रकार होतो.

ब्रिस्टोला हे १९८६ च्या अखेरीस जडले. मंचावरचा त्याचा तोरा एवढा होता की प्रतिस्पर्धी सामन्याआधीच खचत, आणि अशा माणसाची बोटे मिटून राहावीत हे लोकांना पाहवेना. पुढे त्याने बऱ्याच अंशी त्यावर मात केली, चार वेळा जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंतही मजल मारली, परंतु १९८६ नंतर ते विजेतेपद त्याला पुन्हा मिळाले नाही. याउलट यंदाचा उपविजेता व्हॅन वीन तरुणपणी याच व्याधीतून गेलेला आहे आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलतो. अंतिम सामन्यातील ७-१ हा निकाल एकतर्फी दिसतो, पण तिथवर पोचलेल्या हाताचा पूर्वेतिहास ठाऊक असेल तर त्याला केवळ पराभव म्हणवत नाही.

प्रश्न : या स्पर्धेत भारतीय आणि स्त्रिया खेळतात का? बक्षीस किती असते? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दोन्ही खेळतात, कारण मुख्य स्पर्धा सर्वांसाठी खुली आहे. कॅनडाच्या गेल किंगने २००१ मध्ये पुरुषांविरुद्ध या स्पर्धेत पहिल्यांदा पाऊल ठेवले, पण सामना जिंकणारी पहिली स्त्री होण्याचा मान इंग्लंडच्या फॅलन शेरॉककडे जातो. तिने १७ डिसेंबर २०१९ रोजी टेड एव्हेट्सला ३-२ असे हरवले आणि तेवढ्यावर न थांबता पुढच्या फेरीत ऑस्ट्रियाच्या अनुभवी मेन्सूर सुल्योविचलाही घरी पाठवले. या खेळात ताकदीचा वाटा अल्प असतो. तीस ग्रॅमहून हलका बाण सव्वादोन-अडीच मीटरवर पोचवायला दंड फुगवावे लागत नाहीत. आघाडीवर स्त्रिया कमी दिसतात त्याची कारणे फळ्यापेक्षा सरावाच्या जागा, गावोगावचे संघ आणि पैसा यांत शोधावी लागतील.

यंदापासून खेळाडूंची संख्या ९६ वरून १२८ झाली : दोन वर्षांच्या बक्षिसांच्या कमाईवर ठरणाऱ्या क्रमवारीतील ४०, व्यावसायिक मालिकेच्या क्रमवारीतील ४० आणि जगभरच्या पात्रता स्पर्धांमधून आलेले ४८. या तिसऱ्या दारातून भारताचा नितीन कुमार यापूर्वीही लंडनला गेला होता, पण डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नेदरलँड्सच्या रिचर्ड वीन्स्ट्राला ३-२ असे हरवले आणि या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. पुढच्या फेरीत स्टीफन बंटिंगने त्याला रोखले. नऊ बाणांच्या पराक्रमाबद्दल वर ज्याचा उल्लेख केला, त्या पॉल लिमनेही याच वर्षी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी एक सामना जिंकला. विजेत्याचे बक्षीस दहा लाख पौंड, म्हणजे बारा कोटी रुपयांच्या घरात आहे. आदल्या वर्षी ते याच्या निम्मे होते.

प्रश्न : घरी फळा लावायचा आहे. मापे काय असावीत? — एक पालक, रत्नागिरी

उत्तर : जमिनीपासून बुलच्या मध्यापर्यंतची उंची १.७३ मीटर आणि उभे राहण्याची रेषा २.३७ मीटरवर असावी. हे दुसरे अंतर भिंतीपासून मोजण्याची चूक बहुतेक जण करतात. ते फळ्याच्या दर्शनी पृष्ठभागापासून जमिनीवर उतरवलेल्या लंबापासून मोजायचे असते. पडताळा पाहायचा तर बुलपासून रेषेपर्यंतचे तिरके अंतर सुमारे २.९३ मीटर भरले पाहिजे. फळ्यामागे जाड पुठ्ठा किंवा लाकडी तक्ता लावावा आणि जागा दाराच्या बाजूची नसावी. लहान मुलांसाठी लोहचुंबकाचा किंवा प्लॅस्टिकच्या टोकांचा संच घेणे शहाणपणाचे.

घायपाताचा फळा भिजवू नये. जुन्या लाकडी फळ्यांची ती सवय काही पुस्तकांत अजून छापलेली आढळते, पण पाण्याने तंतू फुगतात आणि फळा कायमचा बिघडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो ओलसर भिंतीवर राहिला तर सादळेल, म्हणून त्या चार महिन्यांत आतल्या कोरड्या भिंतीवर हलवावा. आकड्यांचे कडे सुटे असते. वीसचा भाग झिजू लागला की ते काढून फळा फिरवावा आणि कडे पुन्हा बसवावे. फिरवताना एक घर सोडून दुसऱ्या घरावर जावे, म्हणजे वीस पुन्हा काळ्याच पट्ट्यावर येईल.